क्लाराबाई बार्टन

रेडक्रॉसची लाल फुली आपण दवाखान्यात पाहतो, औषधांच्या पेटीवर पाहतो. ही संस्था अमेरिकेत ज्या बाईंनी नेली, त्यांचे चरित्र मंडळाच्या वाचनालयात वाचले तेव्हापासून ते मनातून जात नाही. म्हणून या अंकासाठी त्यांच्याविषयीच लिहीत आहे.

क्लारा बार्टन यांचा जन्म 25 डिसेंबर 1821 रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थ ऑक्सफर्ड या गावी झाला. पाच भावंडांत ही शेंडेफळ. मुलगी इतकी लाजाळू की, परक्या माणसासमोर तोंडातून शब्द फुटत नसे. अकरा वर्षांची असताना तिचा मोठा भाऊ डेव्हिड धान्याच्या कोठाराच्या छपरावरून पडला. तो अंथरुणाला खिळला आणि ही चिमुरडी दोन वर्षे त्याच्या उशापायथ्याशी बसून राहिली. वेळेवर औषध देणे, जळवा लावणे, सारे तिने केले. पुढे लढाईत हजारोंची सेवा केली तरी तिचे शिक्षण एवढेच. शुश्रूषेची शाळा तिने पाहिलीसुद्धा नव्हती.

वयाच्या सतराव्या वर्षापासून ती मास्तरीण झाली. 1852 साली न्यू जर्सीतील बॉर्डनटाउन येथे तिने गरिबांच्या मुलांसाठी बिनफीची शाळा काढली. सहा मुलांवर सुरू झालेली शाळा बघता बघता सहाशेंवर गेली. गावाने नवी इमारत बांधली आणि मुख्याध्यापक म्हणून एका पुरुषाला आणून बसवले! त्याचा पगार बाईंच्या दुपटीहून जास्त. ज्या बाईने रोप लावले, पाणी घातले, तिला म्हणावे की आता तू याच्या हाताखाली काम कर. क्लाराबाईंनी राजीनामा दिला. मला तर वाटते, योग्यच केले.

तेथून त्या वॉशिंग्टनला सरकारी पेटंट कचेरीत कारकून झाल्या. पुरुषांइतका पगार घेणारी बाई त्या काळी विरळाच. सहकारी जाण्यायेण्याच्या वाटेवर उभे राहून तोंडावर तंबाखूचा धूर सोडत. बाई मुकाट्याने जात आणि आपले काम करत. ती नोकरीही एकदा गेली आणि पुन्हा मिळाली.

1861 साली उत्तर व दक्षिण अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. बाल्टिमोरच्या दंगलीत मार खाऊन आलेली मॅसॅच्युसेट्सची पलटण वॉशिंग्टनला उतरली, तर त्यांत बाईंचे जुने विद्यार्थी निघाले! बाईंनी घरातले रुमाल, सुईदोरा, खाण्याचे जिन्नस गोळा करून नेले. मग ठिकठिकाणच्या बायकांना पत्रे लिहिली आणि सामानाने त्यांच्या खोल्या भरून गेल्या. पण सामान इथे आणि जखमी तिथे. रणांगणावर बाईमाणसाला कोण जाऊ देणार? पुष्कळ खेटे घालून 1862 च्या ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि त्या गाड्या घेऊन निघाल्या.

17 सप्टेंबर 1862 ची अँटीटमची लढाई. डॉक्टरांच्या पट्ट्या संपल्या होत्या. ते मक्याच्या कणसांवरची पाने जखमांना बांधत होते. तेवढ्यात बाईंची गाडी आली. एका जखमी शिपायाला त्या पाणी पाजत असताना गोळी त्यांच्या बाहीतून आरपार गेली आणि तो शिपाई तिथेच गेला. खायला काही उरले नव्हते. औषधी दारूच्या बाटल्यांच्या पेट्या उघडल्या तर काही पेट्यांत बाटल्यांभोवती भुशाऐवजी मक्याचे पीठ भरलेले. बाईंनी ते चाळून घेऊन मोठमोठी भांडी चुलीवर चढवली आणि पेज करून वाटली. सुगरण ती नव्हे काय?

युद्ध संपले, पण हजारो घरांत आया वाट पाहतच होत्या. मुलगा मेला की जिवंत, हे सांगणारे कोणी नाही. मला बाईंचे हे काम सर्वांत मोठे वाटते. त्यांनी बेपत्ता शिपायांची कचेरी उघडली, याद्या छापून गावोगाव लावल्या. 63,000 च्यावर पत्रांना उत्तरे गेली आणि 22,000 शिपायांचा ठावठिकाणा लागला. अँडरसनविल येथील बंदिवासात जवळजवळ 13,000 कैदी मेले होते. डोरेन्स ॲटवॉटर या तरुण कैद्याने मृतांची यादी चोरून उतरून ठेवली होती. तिच्या आधारे 1865 च्या उन्हाळ्यात बहुतेक सर्व थडग्यांवर नावे लागली. बातमी वाईट का होईना, कळली की आईला निदान रडता तरी येते.

प्रकृती ढासळली म्हणून 1869 साली त्या युरोपात गेल्या. जिनिव्हात त्यांना रेडक्रॉसची माहिती झाली. विश्रांती कसली, पुढच्याच वर्षी फ्रान्स आणि जर्मनीचे युद्ध! उद्ध्वस्त झालेल्या स्ट्रासबर्ग शहरात त्यांनी बायकांसाठी शिवणकामाच्या जागा उघडल्या. शिवलेल्या कपड्यांची मजुरी रोख मिळे आणि तेच कपडे उघड्यावाघड्यांच्या अंगावर जात. नुसते दान दिले असते तर त्या बायकांना दारात रांग लावावी लागली असती. आपल्या शिवणवर्गाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आले.

मायदेशी रेडक्रॉस काढायला बाईंना वर्षे लागली. आता आमच्याकडे युद्ध होणार नाही, असे पुढारी म्हणत. बाईंनी सांगितले, पूर येतो, आग लागते, तेव्हाही लोक उघड्यावर पडतातच. 21 मे 1881 रोजी संस्था स्थापन झाली आणि बाई अध्यक्ष झाल्या. 1889 साली धरण फुटून जॉन्सटाउनमध्ये 2,200 हून अधिक माणसे बुडाली, तेव्हा त्या पाच महिने तिथे राहिल्या. वयाच्या शहात्तराव्या वर्षी क्युबात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वादळात सापडलेल्या गॅल्व्हेस्टनला.

शेवट मात्र कडू झाला. हिशेब नीट ठेवत नाहीत, सारे एकहाती चालवतात, अशा तक्रारी झाल्या. चौकशी बसली. अफरातफर सिद्ध झाली नाही, पण 1904 साली बाईंनी पद सोडले. एकहाती कारभाराचा आरोप अगदीच खोटा नसावा. ज्यांनी जन्मभर कोणाच्या परवानगीसाठी खेटे घातले, त्यांना दुसऱ्याच्या हाती किल्ल्या देणे जड जात असेल.

12 एप्रिल 1912 रोजी मेरीलँडमधील ग्लेन एको येथे, नव्वदाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. लग्न केले नव्हते. वॉशिंग्टनमधील त्यांची जुनी इमारत विसाव्या शतकाच्या अखेरीस पाडायची ठरली होती. तेव्हा माळ्यावर कागदपत्रे, कपडे आणि बेपत्ता शिपायांच्या कचेरीची पत्र्याची पाटी सापडली. तिसरा मजला, खोली नंबर 9, मिस क्लारा बार्टन. इमारत वाचली. आता तिथे संग्रहालय आहे.