रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप व दगडांतील गोगलगाई

नागपुरास हिस्लॉप कॉलेज आहे, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ऐकून ठाऊक असतें. परंतु तें १८८३ सालीं ज्यांच्या नांवानें निघालें, ते हिस्लॉप कोण, असें विचारल्यास दोघातिघांपलीकडे कोणी हात वर करीत नाहीं. ते मिशनरी होते, शाळा काढणारे होते. आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या, दगड होऊन गेलेल्या शंखांवरून गोगलगाईंच्या जाती ठरविणारे शोधकही होते. त्यांच्या आयुष्याच्या या तिसऱ्या अंगाविषयीं मराठींत फारसें लिहिलें जात नाहीं, म्हणून येथें त्यावरच अधिक भर दिला आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ डन्स नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म झाला. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या मंडळींत मोठी फूट पडून फ्री चर्च निराळें झालें. हिस्लॉप त्या नव्या मंडळींत गेले, आणि तिच्याच वतीनें १८४५ सालीं सपत्नीक नागपुरास येऊन पोहोंचले. मद्रासच्या सैन्यांतील एका अधिकाऱ्यानें दिलेल्या देणगीवर हें मिशन सुरू झालें होतें. त्या वेळीं नागपुरावर भोसल्यांचें राज्य होतें आणि आगगाडी हिंदुस्थानांत यावयाची होती. हिस्लॉप मराठी शिकले, व दुसऱ्याच वर्षीं शहरांत त्यांनीं शाळा उघडली. पुढें १८४७ सालीं रॉबर्ट हंटर हे तरुण सहकारी त्यांस येऊन मिळाले. या हंटर साहेबांनीं स्वदेशीं परतल्यावर इंग्रजी भाषेचा एक प्रचंड ज्ञानकोशवजा शब्दकोश रचला. असे दोन मनुष्य एका गांवीं एकत्र यावे, हा योग विरळा.

१८५१ सालीं हे दोघे सीताबर्डीच्या पश्चिमेस टाकळी गांवाच्या बाजूस फिरावयास गेले असतां त्यांस दगडांत रुतलेला एक शंख दिसला. आमच्या दिंडोरी तालुक्यांत विहीर खणतांना जो काळा दगड लागतो, तोच तो सीताबर्डीचा दगड. पृथ्वीच्या पोटांतून निघालेला तप्त रस थरावर थर पसरून गार झाला व त्याचाच हा सारा देश, सह्याद्रि आणि रामशेजसारखे डोंगर बनले. तप्त रसांत गोगलगाय कशी असेल? नीट पाहतां असें आढळलें कीं, शंख काळ्या दगडांत नसून दोन काळ्या थरांच्या मध्यें दबलेल्या गारेसारख्या कठीण, पातळ पट्ट्यांत आहेत. हैदराबादच्या उत्तरेकडील डोंगरांत अशा शंखांचा शोध माल्कमसन नांवाच्या डॉक्टरांनीं पूर्वींच लावला होता. परंतु नागपूरचा हा पट्टा हातोडा व भिंग घेऊन वर्षानुवर्षें उलगडण्याचें काम हिस्लॉप यांनीं केलें. शाळा, उपदेश व खेड्यांतील फेऱ्या सांभाळूनच हें चाले. प्रवासांत मुक्कामाच्या जागीं दगड फोडून पाहावे, हाच त्यांचा क्रम.

शंखावरून जात कशी ओळखावी, हें मुलांनीं अवश्य शिकावें. शंख हातांत घेऊन त्याचें टोंक वर व तोंड आपल्याकडे करावें. तोंड आपल्या उजव्या हातास आलें तर तो उजवा शंख, डाव्या हातास आलें तर डावा. (देवघरांतील शंखास दक्षिणावर्ती म्हणतात तो या रीतीनें डावा ठरतो, कारण तेथें शंख उलट बाजूनें पाहण्याची चाल आहे.) बहुतेक गोगलगाई उजव्या असतात, परंतु तळ्यांत राहणाऱ्या फायझा नांवाच्या कुळाचे शंख डावे. टाकळीच्या दगडांत हे डावे शंख विपुल निघाले. मग वेढे किती, वेढ्यांमधील खांच खोल कीं उथळ, तोंड वाटोळें कीं लांबट, तळाशीं बेंबीसारखें छिद्र आहे कीं नाहीं, हें क्रमानें पाहावयाचें. लांबट तोंडाचा, उजवा, नाजूक शंख तो लिम्निया. फुगीर वेढ्यांचा, झांकण असणाऱ्या प्राण्याचा तो पॅल्युडिना. अगदीं वाटोळ्या तोंडाचा, बसका व अत्यंत लहान तो व्हॅल्व्हाटा.

यांत एक मोठी अडचण आहे. जिवंत गोगलगाईचें शरीर, तिची दांतांची पट्टी, हीं पाहून जें निश्चित होतें तें नुसत्या शंखावरून होत नाहीं. एकाच जातीचें पिल्लूं व प्रौढ यांचे शंख निराळे दिसतात. पाणी बदललें तरी आकार बदलतो. गुहांतील सूक्ष्म गोगलगाईंच्या बाबतींतही शास्त्रज्ञांस हाच अनुभव येतो. यूरोपांत चुनखडीच्या गुहांतून झऱ्याबरोबर वाहून आलेल्या रिकाम्या शंखांवरूनच कित्येक जाती ओळखल्या गेल्या आहेत. आणि आपल्याकडे गारो टेंकड्यांतील सिजू गुहेंतील मृदुकाय प्राण्यांचें वर्णन ॲनंडेल व चोप्रा यांनीं १९२४ सालीं केलें, तेव्हां तेथील एका लहान गोगलगाईस गुहावासी अशा अर्थाचेंच नांव दिलें. हिस्लॉप यांस तर जिवंत प्राणी मिळण्याची आशाच नव्हती.

तरीही त्यांनीं जें अनुमान काढलें तें उत्तम होतें. नागपूरच्या शंखांत समुद्रांतला एकही नाहीं. सर्व गोड्या पाण्यांतले, थोडे जमिनीवरचे. म्हणजे एक थर ओतून गार झाल्यावर पुष्कळ काळ शांततेंत गेला, खळग्यांत तळीं सांचलीं, त्यांत जीव वाढले, कांठीं झाडें उगवलीं. आणि मग दुसऱ्या थरानें तें सर्व झांकून टाकलें. याउलट आमच्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणारी गोदावरी जेथें समुद्राच्या जवळ जाते, त्या राजमहेंद्रीपाशीं अशाच थरांमधून खाडीचे व समुद्राचे शंख निघाले. एवढ्याशा शंखांनीं त्या काळचा किनारा कोणत्या बाजूस होता, हें दाखवून दिलें!

हें सर्व त्यांनीं १८६० सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळाच्या नियतकालिकांत चित्रांसह प्रसिद्ध केलें. नव्या जातींस नांवें देतांना त्यांनीं गांवांची आठवण ठेवली. टाकळी, तेलंगखेडी व नागपूर हीं नांवें लॅटिन प्रत्यय लागून विद्वानांच्या ग्रंथांत गेलीं. त्याच दगडांतील किड्यांचीं पंखकवचें व सूक्ष्म कवचधारी प्राणी त्यांनीं इतर तज्ज्ञांकडे धाडले व त्यांचीं वर्णनें त्यांच्याकडून करविलीं. जें आपल्या आवांक्यांत नाहीं तें दुसऱ्याकडे सोंपवावें, हा गुण मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोठा वाटतो.

एका गोष्टींत मात्र ते चुकले. यूरोपांतील शंखांशीं तुलना करून हे थर तृतीय युगाच्या आरंभींचे असावे, असें त्यांनीं ठरविलें. निबंधाच्या मथळ्यांतच तें घातलें. यावर सुमारें शतकभर वाद चालला. पुढें दगडांतील किरणोत्सर्गी द्रव्यांवरून वय मोजण्याची रीत निघाली व याच थरांत महाकाय सरड्यांचे अवशेष सांपडले. तेव्हां या उद्रेकाचा मुख्य काळ सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा, म्हणजे खडूच्या युगाच्या अखेरीचा, व टाकळीचा पट्टाही त्या युगांतलाच ठरला. कित्येक शंखांचीं कुळनांवेंही बदललीं. शंख तेच राहिले, व त्यांची चित्रें अभ्यासक अजून पाहतात.

त्यांच्या इतर कामांचा उल्लेख थोडक्यांत करितों. मांगली येथील दगडांतून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीस ओवेन यांनीं १८५५ सालीं नांव दिलें. एक हिरवट खनिज व गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राण्याचें कुळ यांस हिस्लॉप यांचें नांव मिळालें. गोंड लोकांची भाषा, गीतें व चाली यांचीं टिपणेंही त्यांनीं जमविलीं.

१८६३ सालच्या सप्टेंबरांत मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासह ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांचें उत्खनन पाहावयास गेले. परततांना बोरी येथील शाळा तपासण्यासाठीं ते मागें थांबले. मुलांची परीक्षा घेऊन निघेपर्यंत अंधार पडला. वाटेंतील ओढा पावसानें फुगला होता. टेंपल यांच्या तळावर घोडा एकटाच आला. मंडळी शोधावयास धांवली. तेव्हां त्यांचें प्रेतच पाण्यांत सांपडलें. तो दिवस ४ सप्टेंबर. सेहेचाळीस वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उरले होते. गोंडांविषयींचीं त्यांचीं टिपणें टेंपल यांनीं संपादून १८६६ सालीं छापलीं.