गिरमिटियांचे वकील : मणिलाल डॉक्टर

इ. स. १८३४ पासून हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हिंदुस्थानातून मजूर नेले जाऊ लागले. गंगेच्या खोऱ्यातील शेतकरी, मद्रासकडील तमिळ व तेलुगू लोक आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी कष्टकरी असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते. मजुरांकडून ठरावीक मुदतीच्या करारावर अंगठा उठवून घेत. करार म्हणजे इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’. या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः ‘गिरमिटिये’ ठरले. करार मोडणे हा फौजदारी गुन्हा समजला जाई. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही, तर मजुरी कापली जाई आणि प्रसंगी तुरुंगाची वाटही धरावी लागे. कायद्याची भाषा परकी, न्यायाधीश परके, आणि मळेवाले तर धनीच! अशा लोकांची बाजू मांडणार कोण?

ही बाजू ज्यांनी मांडली, त्यांत मणिलाल मगनलाल डॉक्टर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ‘डॉक्टर’ हे त्यांचे आडनाव. पेशाने ते वकील होते. त्यांचा जन्म २८ जुलै १८८१ रोजी बडोदे येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदव्या संपादन करून ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तेथे १९०६ साली त्यांची व गांधीजींची भेट झाली. गांधीजींनी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून मायदेशी परतताना मॉरिशसला मुक्काम केला होता व तेथील हिंदी लोकांची दैना डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या सांगण्यावरून मणिलाल १९०७ च्या ऑक्टोबर महिन्यात मॉरिशसला पोहोचले.

न्यायालयात हिंदी माणसाने पागोटे व जोडे काढून उभे राहावे, असा तेथे दंडक होता. मणिलालांना तो मुळीच मान्य झाला नाही. पागोटे ही त्यांच्या दृष्टीने केवळ वस्त्राची बाब नव्हती. ज्याला मान खाली घालूनच न्याय मागावा लागतो, त्याला न्याय मिळणार कसा, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. त्यांनी मजुरांचे खटले हाती घेतले. १९०९ साली त्यांनी ‘हिंदुस्तानी’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. आरंभी ते इंग्रजी व गुजराती भाषांत निघे. परंतु मजुरांपैकी बहुतेकांना हिंदी समजते हे ध्यानी येताच त्यांनी गुजरातीच्या जागी हिंदी आणली. त्याच वर्षी बेटावर शाही आयोग आला. त्यापुढे मणिलालांनी मजुरांची गाऱ्हाणी निर्भीडपणे मांडली. मळेवाल्यांच्या रोषाची त्यांनी पर्वा केली नाही.

इकडे पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांतही गिरमिटियांची तीच दशा होती. तेथे १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर मजूर नेण्यात आले. त्यांना विश्वासाचा असा एकही वकील नव्हता. तोताराम सनाढ्य हे स्वतः गिरमिटिये म्हणून फिजीत आले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गांधीजींना पत्र लिहून वकील पाठविण्याची विनंती केली. ती वाचून मणिलाल पुढे झाले आणि ऑगस्ट १९१२ मध्ये फिजीला येऊन दाखल झाले. बंदरावर त्यांच्या स्वागतास शेकडो लोक लोटले होते.

त्याच वर्षी गिरमिटाची प्रथा बंद करावी, असा ठराव गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात आणला. परंतु तो फेटाळला गेला. लोकमताचा रेटा वाढत गेला, तेव्हा कोठे १९१७ साली मजूरभरती थांबली.

१९१६ साली फिजीच्या कायदेमंडळात एक हिंदी सभासद नेमण्याचे ठरले. लोकांना मणिलालच हवे होते. परंतु बडोदे हे संस्थान असल्याने तेथे जन्मलेला मनुष्य ब्रिटिश प्रजाजन नव्हे, असे कारण पुढे आले आणि दुसऱ्याची नेमणूक झाली. साम्राज्याचा अंमल सोसण्यास मात्र संस्थानची प्रजा चालत असे!

१ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले सारे करार रद्द झाले. मजूर मोकळे झाले, पण त्यांच्या पोटाचा प्रश्न सुटला नाही. महायुद्धामुळे धान्य व कापड महाग झाले होते. अशातच सुवा शहरातील बांधकाम खात्याच्या मजुरांचे आठवड्याचे काम ४५ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आले. मजुरांनी काम थांबविले. मणिलालांच्या पत्नी जयकुंवर या गांधीजींचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या कन्या. त्यांनी स्त्रियांचे नेतृत्व केले. ज्या स्त्रियांना आजवर कोणी विचारलेही नव्हते, त्या सभांना जमू लागल्या. सरकारने न्यूझीलंडहून सैनिक आणले, गोळीबार झाला आणि संप मोडला.

सरकारने मणिलालांवर ठपका ठेवला. मात्र एकही खटला चालविला नाही. दोन वर्षेपर्यंत त्यांनी फिजीच्या प्रमुख भागांत राहू नये, असा हुकूम निघाला. जेथे हिंदी लोकांची वस्ती, तेथेच वकिलाला बंदी! एप्रिल १९२० मध्ये पतिपत्नींनी फिजी सोडले. न्यूझीलंडमध्ये मणिलालांना वकिलीची परवानगी नाकारण्यात आली. ऑस्ट्रेलिया व सिलोन येथील दारेही त्यांना बंदच राहिली. स्थलांतरितांसाठी भांडणाऱ्या या माणसाला साम्राज्यात कोठे ठाव मिळेना. अखेर ते मायदेशी परतले व बिहारमधील गया येथे वकिली करू लागले. पुढे काही वर्षे त्यांनी एडनमध्येही वकिली केली.

८ जानेवारी १९५६ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.