पाल्माचे द्वारपाल : संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज

येशूसंघाच्या संतमालिकेत पंडित, प्रवचनकार व मिशनरी पुष्कळ आहेत. संत आल्फोन्सस रॉड्रिग्ज हे मात्र दार उघडणारे बंधू होते.

स्पेनमधील सेगोव्हिया येथे १५३२ साली एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. पित्याच्या निधनामुळे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी व्यवसाय हाती घेतला. पुढे पत्नी व मुले निवर्तली, धंदाही खालावला. येशूसंघात प्रवेश मागितला, तर वाढलेले वय, अपुरे शिक्षण व नाजूक प्रकृती आड आली. अखेर १५७१ साली त्यांना साहाय्यक बंधू म्हणून स्वीकारण्यात आले.

मायोर्का बेटावरील पाल्मा येथील महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे द्वारपालाची सेवा केली. पाहुण्यांचे स्वागत करणे, निरोप पोहोचवणे, गरिबांना मदत करणे हाच त्यांचा दिनक्रम. घंटा वाजली की प्रत्यक्ष प्रभूच दाराशी आला आहे, या भावनेने ते उठत. मोह, आजारपण व प्रार्थनेतील शुष्कता ह्यांनी त्यांना छळले. तरी रोजचा हा निर्धार त्यांनी सोडला नाही.

१६०५ साली तेथे आलेल्या पीटर क्लेव्हर या तरुणाला ह्याच वृद्ध बंधूंनी दक्षिण अमेरिकेतील मिशनकार्याची प्रेरणा दिली. तोच पुढे कार्ताहेना येथील आफ्रिकन गुलामांचा सेवक झाला.

३१ ऑक्टोबर १६१७ रोजी आल्फोन्सस प्रभुचरणी विलीन झाले. १८८८ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी गुरू-शिष्य दोघांनाही एकाच दिवशी संत घोषित केले.

बंधुभगिनींनो, आपल्या दाराची घंटाही रोज वाजते, कित्येकदा नको त्या वेळी. आपण कोणत्या मनाने उठतो?