कोटगढचे गोड सफरचंद

आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदे न्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. हातगाडीवरून ती निवडताना गिऱ्हाईक दोन गोष्टी पाहते. रंग लाल हवा आणि चव गोड हवी. या आवडीच्या मागे हिमाचलच्या डोंगरांना नेणारा माणूस मूळचा अमेरिकन होता. त्यांचे नाव सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स, म्हणजेच पुढचे सत्यानंद स्टोक्स.

फिलाडेल्फियातील एका सधन क्वेकर कुटुंबात १८८२ साली त्यांचा जन्म झाला. घरच्या कारखानदारीत मन रमले नाही, म्हणून १९०४ साली ते कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आले आणि सिमल्याच्या डोंगरातील सबाथूच्या कुष्ठाश्रमात काम करू लागले. पुढे कोटगढ हेच त्यांचे गाव झाले. १९१२ साली त्यांनी तिथल्याच ॲग्नेस यांच्याशी विवाह केला, जमीन घेतली आणि ते शेतकरी झाले.

हिमाचलात सफरचंद आधीच आले होते. कॅप्टन ली यांनी १८७० च्या सुमारास कुलू खोऱ्यात विलायती जातींची बाग लावली होती. पण ती फळे इंग्रजांच्या जिभेची, आंबटगोड. इथल्या माणसाला सफरचंद गोडच लागे. स्टोक्स यांनी नेमके हे हेरले. अमेरिकेतील स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेची रेड डेलिशस ही जात रंगाने गडद लाल, चवीला गोड आणि आंबटपणा जवळजवळ नसलेली. १९१६ साली त्यांनी तिची रोपे आपल्या बागेत लावली. फळे बाजारात खपू लागली, तशी त्यांनी शेजाऱ्यांनाही रोपे दिली आणि लागवड शिकवली. पोटापुरते धान्य पिकवणाऱ्या त्या डोंगरात बघता बघता पैसा खेळू लागला.

हे चालू असताना स्टोक्स राजकारणातही उतरले होते. साहेबांचे सामान फुकट वाहून नेण्याची बेगार पहाडी माणसाच्या मानेवर होती. तिच्याविरुद्ध त्यांनी गावकऱ्यांना उभे केले. गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीत ते सामील झाले आणि १९२१ च्या डिसेंबरात तुरुंगात गेले. १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतले. १९४६ साली, स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष उरले असताना, ते गेले.

त्यांच्या फळाची खरी परीक्षा त्यानंतर तीस वर्षांनी झाली. १९७७ साली हिमाचलात 'स्कॅब' हा बुरशीचा रोग दिसला आणि १९८३ साली त्याची मोठी साथ आली. थंड, ओल्या वसंतात ही बुरशी पानांवर आणि फळांवर काळपट डाग पाडते. डाग पडलेले फळ खाता येते, पण विकले जात नाही. एकाच जातीच्या बागा डोंगरभर पसरलेल्या आणि ती जात या रोगाला सहज बळी पडणारी. मग हंगामात पुन:पुन्हा फवारणी करणे आले, आणि तिचा खर्चही.

उपाय नव्हता असे नाही. एका शोभिवंत रानसफरचंदात या रोगाला रोखणारा गुण सापडला होता. त्याची फळे मात्र बोराएवढीसुद्धा नाहीत. चांगल्या सफरचंदांशी त्याचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करून अमेरिकेत १९७० साली 'प्रायमा' आणि पुढे 'लिबर्टी' या जाती आल्या. हिमाचलातही त्या लावून पाहण्यात आल्या. झाड निरोगी राहिले, पण फळ आंबटपणाकडे झुकणारे. बाजाराने त्यांना फारसे जवळ केले नाही. स्टोक्स यांनी लावलेली गोडी एव्हाना गिऱ्हाइकाच्या जिभेवर पक्की बसली होती.

यात स्टोक्स यांना दोष देता येत नाही. खाणाऱ्याला काय आवडते हे आधी पाहून त्यांनी झाड निवडले, म्हणूनच ते रुजले. रोगप्रतिकारक जातींना याच वाटेने जावे लागेल. आणि गिऱ्हाइकालाही थोडे काम आहे. किंचित आंबट, कमी लाल असे एखादे फळ त्याने कधीतरी पिशवीत टाकले, तर डोंगरावरच्या बागायतदाराची एखादी फवारणी तरी वाचेल.