बीथोव्हेन यांचा बहिरेपणा : ऐकू येणे कमी होत असल्याची सुरुवातीची लक्षणे ओळखा

ऐकू कमी येऊ लागले की बरेच जण ते आधी स्वतःशी नाकारतात आणि मग घरच्यांपासून लपवतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातील एका नामवंत संगीतकारानेही हेच केले होते. त्यांचे नाव लुडविग फान बीथोव्हेन. त्यांची श्रवणशक्ती ज्या क्रमाने कमी होत गेली, तो क्रम आजही अनेक रुग्णांमध्ये दिसतो.

तरुण वयात सुरुवात

बीथोव्हेन यांचा जन्म १७७० मध्ये जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील दरबारी गायक होते. १७९२ मध्ये ते व्हिएन्नाला आले, हायडन यांच्याकडे शिकले आणि थोड्याच वर्षांत उत्तम पियानोवादक म्हणून नावाजले गेले. १७९८ च्या सुमारास, वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी, कानाचा त्रास सुरू झाला. म्हणजे बहिरेपणा हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही.

१८०१ मध्ये त्यांनी फ्रान्झ वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्र लिहून आपली लक्षणे कळवली. कानात रात्रंदिवस आवाज येत असे. नाटकगृहात वादकांच्या अगदी जवळ बसावे लागे. दूर असल्यास वाद्यांचे आणि गायकांचे उंच स्वर ऐकू येत नसत. कोणी हळू बोलले तर आवाज कळे, पण शब्द कळत नसत. उलट कोणी ओरडले तर ते सहन होत नसे.

असे का होते?

अंतर्कर्णात शंखासारखा एक भाग असतो. त्यातील केसासारख्या सूक्ष्म पेशी ध्वनीचे रूपांतर मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात करतात. या पेशी खराब झाल्या की बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातील स, श, च अशी अक्षरे याच पट्टीत येतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द समजत नाही’ ही तक्रार होते. हळू आवाज ऐकू न येणे आणि मोठा आवाज त्रासदायक वाटणे, हे दोन्ही एकाच वेळी असू शकते. म्हणूनच घरातल्यांनी ओरडून उपयोग नसतो. समोर येऊन, सावकाश आणि स्पष्ट बोलावे.

लपवण्याची किंमत

त्याच पत्रात बीथोव्हेन यांनी कळवले होते की जवळजवळ दोन वर्षे ते लोकांत मिसळणे टाळत होते. संगीतकारालाच ऐकू येत नाही, हे सांगण्याचे धाडस त्यांना होत नव्हते. मित्रांनाही त्यांनी ही गोष्ट गुप्त ठेवायला सांगितले.

दरम्यान उपचार चालू होते. कानात बदामाचे तेल, थंड-कोमट पाण्याच्या आंघोळी, दंडावर फोड आणणारी झाडाची साल. कशाचाही गुण आला नाही. त्या काळी याहून चांगले काही उपलब्धही नव्हते. आपल्याकडे आजही ऐकू कमी आले की कानात तेल घातले जाते. तेलाने अंतर्कर्णातील पेशी सुधारत नाहीत आणि पडद्याला छिद्र असेल तर संसर्गाचा धोका वाढतो.

१८०२ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने ते व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी विश्रांतीसाठी राहिले. तेथे ऑक्टोबरमध्ये त्यांनी भावांना उद्देशून एक लांब पत्र लिहिले. लोक आपल्याला तुसडे आणि हट्टी समजतात, पण खरे कारण बहिरेपणा आहे, असे त्यांनी त्यात मांडले. जीव देण्याचे विचार येऊन गेल्याचे आणि केवळ कलेने थांबवल्याचेही लिहिले. ते पत्र त्यांनी पाठवलेच नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले.

एखादी व्यक्ती अलीकडे चिडचिडी झाली असेल किंवा समारंभ टाळत असेल, तर स्वभाव बदलला असे मानण्याआधी कान तपासावेत. निराशा खूप वाढली किंवा जीव देण्याचे विचार आले, तर डॉक्टरांशी बोला किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

पुढची वर्षे

या काळानंतरच त्यांच्या अनेक मोठ्या रचना तयार झाल्या. पण ऐकणे कमी होतच गेले. यंत्रे बनवणारे मेल्झेल यांनी त्यांच्यासाठी कानाला लावायचे धातूचे भोंगे तयार केले. १८१८ पासून भेटायला येणारे लोक आपले म्हणणे वहीत लिहून दाखवू लागले. ७ मे १८२४ रोजी नववी सिंफनी प्रथम सादर झाली. तेव्हा मागे चाललेल्या टाळ्या त्यांना ऐकू आल्या नाहीत आणि एका गायिकेने त्यांना प्रेक्षकांकडे वळवले, असे सांगितले जाते.

२६ मार्च १८२७ रोजी त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. २०२३ मध्ये त्यांच्या केसांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यकृताच्या आजाराची कारणे दिसली, पण बहिरेपणाचे कारण सापडले नाही.

आज आपल्या हातात काय आहे?

बीथोव्हेन यांना ऑडिओमेट्री आणि आधुनिक श्रवणयंत्र मिळाले नाही. तुम्हाला ते मिळू शकते. पुढील लक्षणे असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा :

- गर्दीत किंवा फोनवर बोलणे नीट न समजणे
- वारंवार ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागणे
- टीव्हीचा आवाज इतरांना जास्त वाटणे
- कानात सतत शिट्टीसारखा किंवा गुणगुणल्यासारखा आवाज येणे
- लहान मूल आवाजाला प्रतिसाद न देणे किंवा उशिरा बोलणे

ताबडतोब दाखवा : एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मळ असेल म्हणून थांबू नका. यात स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता वाढते.

काळजी कशी घ्याल?

- जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. आवाज जितका मोठा, तितका हा वेळ कमी होतो.
- इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा.
- कारखान्यात, ढोल-ताशा पथकात किंवा स्पीकरच्या भिंतीजवळ इअरप्लग वापरा.
- कानात काडी, पिन किंवा बड घालू नका.
- अमिकासिन, जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन अशा औषधांनी कानावर परिणाम होऊ शकतो. उपचार चालू असताना कानात आवाज आला तर लगेच कळवा, पण औषध स्वतःहून बंद करू नका.
- पन्नाशीनंतर काही वर्षांच्या अंतराने श्रवणतपासणी करून घ्या.

श्रवणयंत्र सुचवले असेल तर ते चष्म्यासारखेच माना आणि उशीर करू नका. बरीच वर्षे नीट ऐकू न आल्यावर यंत्र लावले, तर आवाजांची पुन्हा सवय व्हायला जास्त वेळ लागतो.