ट्युरिंगचे हातचे

समजा, बारामती-इंदापूर प्रवासाच्या तिकिटांचं अ‍ॅप तुम्ही बनवलंय. सीट एक सर्व्हिस धरते, पैसे दुसरी घेते, तिकीट तिसरी पाठवते. पैसे कटले, पण सीट दुसऱ्यालाच गेली! आता चूक शोधणार कुठं?

याचं बीज अ‍ॅलन ट्युरिंगकडं सापडतं. जन्म १९१२, लंडन. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी. १९३६ मध्ये त्यानं कागदावरच एक यंत्र मांडलं: आत्ताची स्थिती कोणती, वाचलं काय, पुढं जायचं कुठं. आज आपण मॉडेल काढून त्यावरून टेस्ट बनवतो, ते असल्याच स्थितींचं. युद्धातली एनिग्मा तुम्हाला ठाऊक असेलच.

पण जून १९४९ मध्ये केंब्रिजला त्यानं एक छोटा निबंध वाचला. शाळेतली बेरीज आठवा. हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक रकाना वेगवेगळा तपासता येतो. नाहीतर सगळं पहिल्यापासून! प्रोग्रॅममध्येही कुठल्या टप्प्यावर काय खरं असायला हवं, ते लिहून ठेवा, एवढंच त्याचं सांगणं. दोन सर्व्हिसमधला करार म्हणजे असा हातचाच की!

१९५२ मध्ये समलिंगी संबंधांवरून त्याला शिक्षा झाली. १९५४ मध्ये, ४१ व्या वर्षी तो गेला. गंमत बघा, तपासणीवरचाच तो निबंध छापताना चुकांनी भरला होता. त्या दुरुस्त होऊन तो पुन्हा छापला गेला थेट १९८४ मध्ये.