विश्लेषण : पिशवीला टाका घातला म्हणजे सिझरच होणार का? शिरोडकर टाका आणि त्यामागचे डॉक्टर

चौथ्या महिन्याच्या आसपास डॉक्टरांनी पिशवीच्या तोंडाला टाका घालायला सांगितला, की जळगाव असो वा धुळे, घरच्यांना पहिली धास्ती सिझरची वाटते. तोंडच शिवून टाकल्यावर बाळंतपण नॉर्मल कसे होणार, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे. टाका कायमचा नसतो. बाळाचे दिवस भरेपर्यंत तोंड मिटलेले ठेवायचे आणि मग टाका काढून वाट मोकळी करायची, यासाठीच तो घालतात. फाइलवर त्याचे नाव अनेकदा शिरोडकर टाका असे लिहिलेले असते. हे नाव एका मराठी मुलखातल्या डॉक्टरांचे आहे.

कोण होते डॉ. शिरोडकर?

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातील शिरोडा येथे झाला. (मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडा वेगळे, ते सिंधुदुर्गात आहे.) तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून ते 1923 मध्ये एमबीबीएस आणि 1927 मध्ये एमडी झाले. 1931 मध्ये त्यांनी इंग्लंडची एफआरसीएस ही पदवी मिळवली आणि परतून ग्रँट मेडिकल कॉलेजमध्येच पुढे प्राध्यापक झाले.

त्यांच्यासमोर येणाऱ्या बायकांमध्ये एक गट असा होता, ज्यांचे मूल चौथ्या ते सहाव्या महिन्यात जाई. तेही एकदा नाही, दर खेपेला. फारशा कळा नाहीत, ताप नाही, पडणे-झडणे नाही, तरी पिशवीचे तोंड आपोआप उघडे आणि गर्भ बाहेर पडे. अशा बाईला पडून राहायला सांगण्यापलीकडे वैद्यकाच्या हातात फारसे काही नव्हते. घरात तिला काय ऐकावे लागत असेल, हे सांगायला नको.

शिरोडकरांनी याकडे यंत्रातला बिघड पाहावा तसे पाहिले. गर्भाशयमुख नऊ महिने घट्ट मिटलेले राहायला हवे, ते काही जणींत तग धरत नाही. वाढत्या गर्भाचा भार आला की ते सैल पडते. त्याआधी 1950 मध्ये अमेरिकेत लॅश यांनी या तोंडाची दुरुस्ती सुचवली होती, पण ती बाई गरोदर नसताना करायची. शिरोडकरांनी गर्भ पोटात असतानाच शस्त्रक्रिया करण्याचे धाडस केले. योनीमार्गातून जाऊन गर्भाशयमुखावरचे अस्तर थोडे उघडायचे, मूत्राशय वर सरकवायचे आणि आतल्या तोंडाच्या उंचीवर पट्टी वेढून बांधायची. चंचीची दोरी आवळावी तशी. ही पट्टी सुरुवातीला ते त्याच बाईच्या मांडीतील चिवट आवरणातून काढत. पोट फाडण्याची गरज नव्हती.

1955 मध्ये त्यांनी ही पद्धत मद्रासहून निघणाऱ्या द अँटिसेप्टिक या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी अस्तर न उघडता घालायचा सोपा टाका सुचवला. आज बहुतेक ठिकाणी हा मॅकडोनाल्ड टाकाच घालतात. तरी आपल्याकडे बोलताना अनेकदा नाव शिरोडकरांचेच येते, आणि ते मला तरी गैर वाटत नाही.

बाळंतपणानंतर अंग बाहेर येणे, म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, या दुखण्यावरही त्यांनी काम केले. पिशवी काढून न टाकता ती पट्टीने वर बांधून घेण्याची त्यांची शस्त्रक्रिया पुढे मूल हवे असलेल्या तरुण बायकांसाठी होती. 1960 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. 7 मार्च 1971 रोजी त्यांचे निधन झाले.

टाका प्रत्येकीला लागतो का?

नाही. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील 1292 महिलांच्या चाचणीत टाका घातलेल्यांपैकी 13 टक्के, तर न घातलेल्यांपैकी 17 टक्के महिला 33 आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. म्हणजे साधारण 25 जणींना टाके घातले, तेव्हा एकीची फार लवकरची प्रसूती टळली. फायदा ठळक दिसला तो तीन किंवा अधिक वेळा असे नुकसान झालेल्यांना. त्यामुळे आज मागचा इतिहास आणि सोनोग्राफीत दिसणारी गर्भाशयमुखाची लांबी पाहून निर्णय घेतात. नुसती जुळी आहेत म्हणून टाका घालणे योग्य मानले जात नाही.

मग नॉर्मल होते का?

बहुतेक वेळा होऊ शकते. साधारण 36 ते 37 आठवड्यांत टाका काढतात. मॅकडोनाल्ड टाका सहसा भूल न देता निघतो, अस्तराखाली दडवलेल्या मूळ शिरोडकर टाक्याला भूल लागू शकते. त्यानंतर कळांची वाट पाहायची. काढल्या काढल्या बाळंतपण होते असेही नाही. पोटातून घातलेल्या टाक्याला मात्र सिझर करावेच लागते, पण तो क्वचित घालतात. बाळ आडवे असणे किंवा वार खाली असणे अशी सिझरची इतर कारणे टाका नसलेल्या बाईलाही लागू आहेत.

हे नीट सांगितले जाणे महत्त्वाचे आहे, कारण नॉर्मल व्हावे ही बहुसंख्य बायकांची इच्छा असते. निरनिराळ्या देशांतील 38 अभ्यासांच्या 2011 मधील एकत्रित आढाव्यात सिझर पसंत करणाऱ्या महिला सुमारे 16 टक्केच होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सिझरचे प्रमाण 25.4 टक्के नोंदले गेले.

माहेरी जाताना काय लक्षात ठेवायचे?

खान्देशात बाळंतपणाला माहेरी जायची रीत आहे. टाका जळगावात घातलेला आणि बाळंतपण शिरपूरला किंवा साक्रीला, असे सहज होते. तिथल्या डॉक्टरांना टाक्याची माहिती नसेल तर धोका वाढतो. टाका तसाच राहून कळा सुरू झाल्या, तर गर्भाशयमुख फाटू शकते आणि मोठा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कोणता टाका, कोणत्या तारखेला घातला आणि कधी काढायचा हे लिहिलेला कागद बाईच्या पिशवीत हवा, नवऱ्याच्या कपाटात नव्हे. कळा आल्या, पाणी गेले, अंगावरून रक्त जाऊ लागले किंवा थंडी वाजून ताप आला, तर 37 आठवड्यांची वाट न पाहता त्याच घडीला दवाखाना गाठायचा, आणि दारातच टाका असल्याचे सांगायचे.